चतुर्दशी की अमावास्या

४ सप्टेंबर, बुधवार. फिंतास
मिचिको जाणार. आता नक्की. तिच्या नवऱ्याचं पाण्याच्या प्लँटवरचं कंत्राट संपलं, वाढवत नाहीत. इकामा, इथला राहायचा परवाना, रद्द करायला टाकलाय, पाच ऑक्टोबरची तिकिटं. समुद्रावर चालता चालता सांगितलं, दूध संपलंय सांगावं तसं. त्यानंतर ती काय बोलली ते माझ्या डोक्यात शिरलंच नाही.
आखाताच्या या किनाऱ्यावर उन्हाची छत्री घेऊन चालणाऱ्या आम्ही दोघीच. त्यावरूनच तर ओळख. मी तिचं इंग्रजी दुरुस्त करते म्हणून मला सेन्सेई म्हणते, जपानीत शिक्षिका. आता कुणाचं दुरुस्त करू?
यशवंत म्हणाला, "माझं कर की." या नवऱ्याचं काय करणार! मिरकाबच्या ऑफिसात इतकी वर्षं काढून याचं इंग्रजी, हिंदी, अरबी सगळं एकाच पातेल्यात शिजलंय.

७ सप्टेंबर, शनिवार
गणपती. नेहमीची पितळी मूर्ती. फ्रोझन खोबऱ्याचे मोदक. कळ्या फाटल्या, चव बरी.
मिचिको आली, तिच्या त्या खारट आंबट प्लम्सची बरणी घेऊन. फोटोंच्या फळीपाशी उभी राहिली. पपांना चंदनाची माळ, आईला माळ, तिसऱ्याला नाही. विचारलं, यांना का नाही?
मी नेहमीसारखी सांगत सुटले. हे थोरले आबा, पपांचे मोठे भाऊ. पलटणीबरोबर सिंगापूरला गेले, तिथे जपान्यांच्या कैदेत पडले. पुढे बोटीतून न्यू गिनीच्या बाजूला कुठल्याशा बेटावर नेलं. गावातलाच एक सोबती परत आला, त्याने बेटाचं नाव तेवढं सांगितलं. त्यानंतर काही नाही. थोरल्या आईंनी ते गेले हे कधी मानलंच नाही. शेवटपर्यंत कुंकू लावलं, फोटोला माळ घालू दिली नाही. हळदीकुंकवाला बायका त्यांना बोलवावं की नाही म्हणून अडखळायच्या, तर त्या स्वतःच पहिल्या जाऊन बसायच्या.
हे मी इतक्यांना सांगितलंय की गोष्टच झाली आहे. समोर कोण बसलंय ते उशिरा ध्यानात आलं.
मि.ने अर्धा मोदक ताटलीत परत ठेवला. बेटाचं नाव पुन्हा विचारलं. मग डोकं दुखतंय म्हणून गेली.
य.: "तू पण ना. सणाच्या दिवशी पाहुणीच्या ताटात महायुद्ध वाढलंस."

१० सप्टेंबर, मंगळवार
तीन दिवस फिरायला नाही. फोन उचलत नाही. आज कोपऱ्यावरच्या बकाल्यात, वाण्याकडे, दही घेताना दिसली. वाकून नमस्कार केला, फारच खाली वाकली. दह्याचा डबा तसाच ठेवून निघून गेली.
मी तिच्या तोंडावर जपान्यांच्या कैदेत म्हटलं. तेवढ्याने? पण नाही, तेवढं नसावं.

१३ सप्टेंबर, शुक्रवार
आज तीच आली, बेल वाजवून. खाली चल म्हणाली. समुद्रासमोरच्या बाकावर बसलो. लांब टँकर उभे. हवा इतकी दमट की चष्मा धुरकट.
तिने सांगितलं. जसं आठवतं तसं लिहिते.
तिचे वडील त्याच बेटावर होते. शेतकऱ्याचा मुलगा, विशीतला. विमानतळाच्या कामावर हिंदी कैदी होते, त्यांच्या पहाऱ्यावर. खायला कुणालाच पुरेसं नाही, कैद्यांना तर त्याहून कमी. जे कैदी उठू शकत नसत त्यांना झाडीत नेत. नवीन आलेल्या सैनिकांना संगिनीचा सराव म्हणून
पुढचं लिहीत नाही. तिने सगळं सांगितलं. वडिलांनीही ते केलं.
हे त्यांनी तिला अगदी शेवटच्या आजारपणात सांगितलं. ती पेर सोलून भरवत होती. त्यांच्या तुकडीत एक जण होता, त्याने त्या दिवशी पोट दुखतंय म्हणून सांगितलं आणि गेला नाही. त्याला वरच्याने बदडलं. ठार केलं नाही, तुरुंगात टाकलं नाही, बदडलं फक्त. दुसऱ्या दिवशी तोंड सुजलेलं, पण पहाऱ्यावर हजर. वडील तिला म्हणाले, "म्हणजे नाही म्हणता येत होतं. मला तेव्हाच दिसलं होतं."
हुकूम होता, असं ते एकदाही म्हणाले नाहीत, मि. म्हणाली. म्हणाले असते तर बरं झालं असतं.
मग म्हणाली, ते फार चांगले होते. मला पाठुंगळी घेऊन शाळेत सोडायचे. मासा कधी स्वतः कापला नाही.
मी काय म्हणाले? मी म्हणाले, ऊन वाढलं, चल वर जाऊ.

१५ सप्टेंबर, रविवार
कपाट रिकामं केलं, पुसलं, परत तसंच लावलं. मग किचनमधल्या बरण्या. य.ने विचारलं कोण येणार आहे. कुणी नाही.
आबा त्याच छावणीत होते कशावरून? बेट मोठं, छावण्या अनेक. उपासमारीने गेले असतील, मलेरियाने. मि.च्या वडिलांनी आमच्या आबांना पाहिलंही नसेल. हे दिवसभर घोकतेय.
शाळा आठवते सारखी. पुण्याच्या कॅम्पातली. शुक्रवारी कॅथलिक मुली चॅपलमध्ये कन्फेशनला जायच्या, आम्ही बाकीच्या बाहेर बाकावर मॉरल सायन्स. आत जाताना लोरेटाचं तोंड एवढंसं, बाहेर येताना उड्या मारत. मला हेवा वाटायचा. सिस्टरना विचारलं होतं, जिची पेन्सिल चोरली तिला न विचारताच फादर माफ कसं करतात? सिस्टर म्हणाल्या, पाठ सरळ ठेवून बस.

२० सप्टेंबर, शुक्रवार
अण्णांनी शेवटी केलं. अण्णा म्हणजे आबांचा मुलगा, माझा चुलतभाऊ. वय चौऱ्याऐंशी, बायपास झालेली. बापाला पाहिल्याची आठवण नाही. "आई न्हाई म्हणायची म्हणून थांबलो. आता माझ्यामागं कोण करणार, बेबी?" बेबी म्हणणारे आता ते एकटेच उरलेत.
नदीकाठी पालाशविधी. देह नाही म्हणून पळसाच्या काड्यांचा देह करतात, डोक्याला नारळ. सुनीताने, अण्णांच्या सुनेने, व्हिडिओवर दाखवलं. य.ला सुट्टी, तोही शेजारी बसला. काड्यांना अग्नी अण्णांनीच दिला. वाटलं होतं रडतील. नाही रडले. कुणाशी तरी पार्किंगवरून भांडत होते.
नंतर गुरुजींचा प्रश्न. आता दरवर्षी पान वाढायचं, तर तिथी कोणती? गेल्याची तिथी माहीत नाही, मग सर्वपित्री अमावास्या. पण शस्त्राने गेले असतील तर आदल्या दिवशी, घातचतुर्दशीला. "कसे गेले, काही कळलं होतं का?"
अण्णा म्हणाले, "कुणाला ठावं."
माझा कॅमेरा चालू होता. मी खाली बघितलं.

२२ सप्टेंबर, रविवार
अण्णांचा फोन. तेच डोक्यात घेतलंय. "तू शिकलेली, इंग्लिश शाळेतली. बघ की जरा शोधून. तिकडं आपल्या लोकास्नी कसं मारलं, का उपाशी गेले. चुकीच्या दिवशी वाढलेलं पान पोचत न्हाई म्हणतात."
बघते म्हणाले.
खरं तर शोधायचं काहीच नाही. ते माझ्याकडे आहे, आणि नाहीही. माझ्याकडे आहे ते दुसऱ्या कुणाचं तरी मरण.
सांगितलं तर चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांच्या डोळ्यांपुढे झाडी आणि संगिनी. नाही सांगितलं तर पान अमावास्येला, शांतपणे, सगळ्यांबरोबर. काय बिघडतं?
जेवण गेलं नाही. य. म्हणाला, तुझं तोंड परीक्षेला बसल्यासारखं झालंय. त्याला सगळं सांगितलं. त्याने रिमोट बाजूला ठेवला. म्हणाला, मी असतो तर पोट दुखलं असतं का माझं? काय माहीत.

२४ सप्टेंबर, मंगळवार
मि.च्या घरी खोक्यांचे ढीग. मी बोलून गेले की अण्णा विचारतायत. तिने टेप खाली ठेवली. मला त्यांच्याशी बोलू दे, म्हणाली. मी सांगते. तू फक्त मराठीत कर.
मला एकदम राग आला. कुठून आला कळलं नाही. म्हटलं, तुला हलकं व्हायचंय. तू विमानात बसशील आणि हे ओझं त्या म्हाताऱ्याच्या छातीवर. बायपास झालीय त्यांची.
तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हो, मला हलकं व्हायचंय. पण हे त्यांचं आहे. इतकी वर्षं आमच्या घरात पडून राहिलं."
मी चहा न घेता आले. जिना उतरले, परत चार पायऱ्या चढले, परत उतरले. खालचा हारिस, वॉचमन, बघत होता, मॅडम कुछ भूल गया?
रात्री मुक्ताला टोरोंटोला फोन. ती तिच्या इंग्रजीत, "आई, व्हाय आर यू इन द मिडल ऑफ धिस?" पोरी, दोघांशीही बोलता येतं अशी मी एकटीच, मग मी मध्ये नाही उभं राहायचं तर कुठे?

२६ सप्टेंबर, गुरुवार
खाली घरमालकीण उम्म खालिद. गुडघ्याचं तेल द्यायला गेले. तिचे वडील मुंबईला मोत्यांच्या व्यापाराला जायचे, त्यामुळे हिंदी चांगलं, जुन्या पिक्चरसारखं. मला कळायच्या आत मी सगळं सांगून बसले.
तिचा भाऊ इराकी फौजा आल्या तेव्हा नेला. घर तेव्हा शहरात, दस्मानकडे. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे की दारावर जो सैनिक उभा असायचा त्याला तिची आई रोज पाणी द्यायची. घाबरलेला होता, आईला यम्मा म्हणायचा, स्वतःच्या आईला म्हणावं तसं. भावाला नेताना तोच दारात होता. काही केलं नाही. भावाला ढकललंही नाही. बाजूला सरकून वाट करून दिली फक्त. भावाची हाडं खूप वर्षांनी आली.
मी विचारलं, त्या सैनिकाची मुलगी आज आली, सांगायला, तर?
ती गुडघा चोळत राहिली. मग म्हणाली, "बैठने देती. चाय नहीं देती. मगर बैठने देती."
आणि सगळं ऐकलं असतं का?
"सब. एक बात भी छोड़ती तो निकाल देती."

२८ सप्टेंबर, शनिवार
अण्णांना फोन केला. सकाळपासून तीनदा उचलला, ठेवला. सरळ सांगितलं. माझी एक मैत्रीण आहे, जपानी. तिचा बाप त्या बेटावर होता, आपल्या लोकांवर पहारा करायला. तिला तुमच्याशी बोलायचंय. चांगलं काही नाही, अण्णा. आणि आबांचंच आहे असंही नाही. नको वाटलं तर नको, मी तिला सांगेन.
पलीकडे टीव्हीचा आवाज. मग टीव्ही बंद.
"माफी मागणार हाय का ती?"
म्हटलं, माहीत नाही.
"माफी द्यायला मी कोण? माझा बाप असता तर त्यानं बघितलं असतं."
मग?
"ऐकतो. सोमवारी. मंगळवारी चतुर्दशी, त्याच्या आत."
आणि ठेवता ठेवता: "तू गोड करून सांगू नको हां, बेबी. तुला सवय हाय."
आहे. लहानपणापासून आहे. पपा बदलीच्या गावी एकटे राहायचे तेव्हा आई सांगायची ती रडकी पत्रं मीच हसरी करून लिहायचे.

३० सप्टेंबर, सोमवार
मि. काळ्या कपड्यात आली. खुर्ची दिली, बसली नाही. गुडघे मुडपून जमिनीवर बसली, मग मीही खाली बसले. फोन मोदकपात्राला टेकवून ठेवला. अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातलेला, टोपी. मागे सुनीता उभी.
नमस्कार झाले. अण्णांनी आधी विचारलं, तिकडं उकाडा हाय का. हो म्हणाली.
मग तिने सांगितलं. लहान लहान वाक्यांत, मला पेलवतील अशी. मी मराठीत करत गेले. पहाऱ्याचं केलं. अन्नाचं केलं. झाडीचं केलं, संगिनीचं. तोंडातून शब्द निघत होते आणि मला माझाच आवाज शाळेत धडा वाचल्यासारखा येत होता.
पोटदुखीवाल्याचं मी गाळायचं ठरवलं होतं. कशासाठी सांगायचं? इतर सगळ्यावर निदान हुकमाचं पांघरूण घालता येतं, ही एकच गोष्ट ते ओढून काढते. तिथे आले आणि थांबले. मि. माझ्याकडे बघत होती. मराठीचा एक शब्द येत नाही तिला, पण मी काय करणार ते तिला कळलं. डोकंही हलवलं नाही, बघत राहिली.
सांगितलं. तिचे वडील जे म्हणाले तेही, नाही म्हणता येत होतं, मला तेव्हाच दिसलं होतं.
सुनीताने पदर तोंडाला लावला.
मग अण्णांनी विचारलं, "त्या पोटदुखीवाल्याचं पुढं काय झालं?"
मि. म्हणाली, परत आला. आमच्या शेजारच्या गावात शेती करायचा. रस्त्यात दिसला की वडील दुसरी वाट धरायचे. तो वारला तेव्हाही गेले नाहीत.
"म्हणजे दोघंबी घरी गेले," अण्णा म्हणाले. "दोघांची लग्नं झाली, पोरं झाली. भातबीत खाऊन म्हातारे झाले. आमचंच तेवढं न्हाई आलं."
हे मी इंग्रजीत केलं. मि.ने कपाळ जमिनीला टेकवलं. माझ्या घरच्या फरशीला. मला तिला उठवायचं होतं, हात पुढे गेला आणि तिथेच राहिला. मी कुणाच्या बाजूने बसले होते?
अण्णांचा फोन कलंडला. त्यांचा पंखा दिसत राहिला, फिरता. सुनीताचा आवाज, "आत्याबाई, मग बोलू."
मि.ने डोकं वर केलं. मग उठली, नाक पुसलं. मी चहा टाकला. आधण उतू गेलं.

१ ऑक्टोबर, मंगळवार
झोप नाही. सकाळी लवकर सुनीताला मेसेज, अण्णांची तब्येत? उत्तर नाही. मिनिटामिनिटाला फोन बघणं. भाजी करपली. य. न बोलता करपलेली भाजी खाऊन ऑफिसला गेला, हे याचं प्रेम.
दुपारी सुनीताचं आलं. "आजच पान वाढलं. अण्णा म्हणाले चतुर्दशीच. तब्येत बरी आहे. काल जेवले नाहीत, आज जेवले."
म्हणजे मानलं त्यांनी. खात्री कुठे आहे, अण्णा? मलेरियाही असू शकतो. पण आता ते दरवर्षी चतुर्दशीलाच. मी ठरवल्यासारखं झालं. मि.ने ठरवल्यासारखं. बरं वाटायला हवं की वाईट, तेवढं तरी कुणी सांगा.
संध्याकाळी त्यांचाच फोन. आवाज साधा, ऊसतोडीला टोळी मिळत नाही वगैरे. मग:
"उद्या सर्वपित्री. त्या बाईच्या बापाचं नाव काय?"
कशाला, अण्णा?
"इचारून ठेव."
पण कशाला?
"ते माझं मी बघीन. सकाळी गुरुजी यायच्या आत सांग."
अमावास्येला कुणाच्याही नावाने पाणी सोडता येतं. ज्यांचं कुणी नाही, ज्यांना नीट मरण आलं नाही. पण पितरांपुढे एखाद्याचं नाव घेऊन गाऱ्हाणंही घालतात, आमच्याकडे घातलेलं मी लहानपणी ऐकलंय. थोरल्या आईंनी घातलं होतं, कुणावर ते कळलं नाही. अण्णांना विचारायची पुन्हा हिंमत झाली नाही.

२ ऑक्टोबर, बुधवार
उजाडताच मि.कडे. घर रिकामं, भिंतींवर फोटोंच्या जागा फिकट. ती चटईवर बसून भात खात होती. सांगितलं, नाव विचारलंय.
तिने काड्या खाली ठेवल्या. "प्रार्थनेसाठी की तक्रारीसाठी?"
म्हटलं, मला माहीत नाही. खरंच नाही.
खिडकीतून समुद्र दिसतो तिच्या. त्याकडे बघत राहिली. मला वाटलं नाही म्हणेल. नाही म्हणायचा हक्क आहे तिला, बाप आहे तो तिचा. तसं म्हणालेही. ती म्हणाली, "नाही म्हणता येतं, ते मला माहीत आहे."
मग नाव सांगितलं. आधी आडनाव, मग नाव, त्यांच्या पद्धतीने. इथे लिहीत नाही. मला तिने पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं, चुकले की दुरुस्त केलं. आज ती सेन्सेई.
तिथूनच अण्णांना लावला. पलीकडे भांड्यांचे आवाज, गुरुजी आलेले. नाव सांगितलं. अण्णांनी म्हटलं, चुकलं. पुन्हा सांगितलं, पुन्हा चुकलं. "थांब," म्हणाले, आणि सावकाश, तोडून तोडून म्हणाले. बरोबर आलं. आणखी एकदा म्हणाले, स्वतःशीच.
"ठेव आता," म्हणाले, आणि फोन बंद.
मि. विचारत होती, काय म्हणाले?
म्हटलं, नाव नीट घेतलं त्यांनी.